गच्चीवर भांडण आहे, वर येऊ नये

पहिला मजला, स्वयंपाकघराची बाल्कनी
रामदासपेठ, नागपूर
६ एप्रिल २०२५

प्रिय सिंधे,

कालचं भांडण एकूण बरं झालं, पण सुरुवात ढिली होती. मी जिन्यातून "कूलर आहे की धबधबा?" असं ओरडले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून ताबडतोब उत्तर यायला हवं होतं. तू चष्मा शोधत बसलीस. भांडायला चष्मा कशाला लागतो गं? तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या अंजनाबाई डोकावल्या. त्यांना वाटलं आज काही दम नाही, म्हणून त्या पापडांची परात घेऊन गच्चीकडे निघाल्यासुद्धा. मी घाईघाईने "दवाखान्यात नर्स होत्या तेव्हा पेशंटलेही असंच भिजवत होत्या का वं?" असं ओरडले, तेव्हा कुठे त्या परत फिरल्या. नाहीतर आपली संध्याकाळ पापड उलटण्यात गेली असती.

पुढचं मात्र झकास. आपण दोघी तावातावाने वर गेलो की आपल्या फ्लॅट स्कीममधलं एक माणूस गच्चीवर फिरकत नाही. खाली सगळ्यांना वाटतं वर झिंज्या उपटणं चालू आहे, आणि वर आपण टाकीच्या सावलीत पाय पसरून संत्रा बर्फी खातो. घरी उतरले तर मुग्धाने न सांगता चहा ठेवलेला, आणि माझं शुगरचं पथ्य असून त्यात चक्क साखर! "आई, काहून लागता तुम्ही त्या बाईंच्या तोंडी?" म्हणत पंख्याखाली बसवलं मला. सून अशी जपते ती तुझ्या कृपेने. आपण खरोखरच्या वैरिणी होतो तेव्हा एवढी सरबराई कधी झाली नव्हती.

त्या लिफ्टचं भलं होवो. वीज गेली, आपण दोघीच आत, आणि तुझ्या पिशवीत उकडलेल्या शेंगा. दार उघडेपर्यंत शेंगाही संपल्या होत्या आणि वैरही. पण बाहेर अख्खी स्कीम जमली होती, कोणी कोणाला फाडून खाल्लं ते बघायला. एवढ्या लोकांची निराशा करवेना, म्हणून आपण तोंडं फिरवून बाहेर पडलो, आणि ते नाटक अजून चाललंय.

पुढचं भांडण गुरुवारी पाचला. विषय कूलरच ठेवू, तो गळतोही छान. खरं सांगू? दुपारी तुझ्या कूलरचं पाणी माझ्या खिडकीच्या पत्र्यावर टिपटिप पडायला लागलं की मला लगेच डोळा लागतो. हे चारचौघांत बोलू नकोस.

यंदाच्या कुरडया घातल्या आहेत. तुझा डबा वेगळा काढते. उत्तर भाजीवाल्यासाठी दोरीने सोडतेस त्या थैलीतून पाठव, कोथिंबिरीच्या खाली.

तुझी (खाजगीतली)
यमू

*

दुसरा मजला
८ एप्रिल

यमे,

चष्म्याशिवाय मला पायरी दिसत नाही. भांडता भांडता पडले असते, तर तूच "अगं बाई सिंधे!" करत धावली असतीस आणि सगळं बिंग फुटलं असतं. मी चष्मा शोधला तो तुझ्या अब्रूसाठी.

आणि चुका माझ्याच काढू नकोस. भांडताना तुला हसू येतं आणि तू पदराने तोंड झाकतेस. आमच्या संघपालला वाटलं तू रडतेस. जेवताना मला म्हणतो, "आई, कमाल करतं तू. त्या बाईले रडवलं ना!" मी म्हणाले, "तिले कोण रडवन? तीच रडवते मले." तर सुनेला, रोशनीला, इतकं वाईट वाटलं की तिने माझे पाय चेपून दिले. तू अजून थोडी ओरडली असतीस तर डोक्याला तेलही लागलं असतं.

एक मात्र अवघड झालंय. डॉक्टर तर माझ्या बीपीचं निमित्त करून वर्षानुवर्षं मीठ कमी करायला सांगतात. परवा रोशनीने मिठाची बरणीच माळ्यावर चढवली. मी आयुष्यभर पेशंटना पथ्य सांगितलं, आता ते माझ्यावर उलटलं.

फोनवर बोलायचं म्हणत होतीस, पण तू फोनवर बोललीस की फोन न लावताच मला वर ऐकू येतं. तेव्हा चिठ्ठीच बरी.

कुरडयांचा डबा मोठा काढ. तुझ्या हातची चव बर्डीच्या बाजारात एकाही दुकानात नाही.

तुझी
सिंधू

*

१७ एप्रिल

सिंधे,

घात झाला. आजचं भांडण रद्द समज.

काल सुमंत ऑफिसमधून आला, माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला. लहानपणी काही फोडलं की असा जवळ यायचा, म्हणून मी ओळखलं. म्हणाला, "आई, तुझी रोजची कटकट संपवतो. बेसा रोडले फ्लॅट पाहिला. सातवा मजला आहे. वर कोणीच नाही."

वर कोणीच नाही! हे तो मला चांगली बातमी म्हणून सांगून राहिला होता.

मी म्हटलं, बाबा, मला काही त्रास नाही. तर म्हणतो, "सहन करून राहिली तू, मले काय दिसत नाही का?" बघ आता. मी जिन्यात उभी राहून खोटं ओरडले, ते पोराला खरं वाटलं. त्याच्या समोर बसून खरं सांगते, तर ते खोटं वाटतंय. मुग्धा तर नव्या स्वयंपाकघराचे फोटो बघून बघून झोपेतही हसते. तिच्या शाळेला सुट्टी लागली की मे महिन्यात टोकन देणार म्हणे.

सगळं उघड करावं, तर सुमंत विचारणार की मग इतकी वर्षं काय चाललं होतं? मग गच्ची गेली, चहातली साखर गेली, आणि बर्फीचं डॉक्टरांपर्यंत जाईल ते निराळंच.

मला तुला सोडून कुठे जायचं नाही, सिंधे. सातव्या मजल्यावर मी कोणाशी भांडू? काहीतरी कर. तू नर्स आहेस.

यमू

*

२० एप्रिल

यमे,

धीर धर. मी सगळं जमवलं आहे.

आपल्या स्कीमचे अध्यक्ष भैय्याजी. त्यांना समेट घडवायची किती हौस आहे ते तुला ठाऊकच आहे. मागे त्यांनी दोन स्कूटरवाल्यांचं मिटवलं, तर दोघांनी स्कूटरच विकल्या. मी त्यांना गाठून म्हणाले, "भैय्याजी, पयल्या मजल्यावरच्या बाईसंग मले मिटवायचं आहे." त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बस, सिंधूताई, अब आप देखो!" येत्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा आहे. खुर्च्या मांडणार आहेत. गणपतीतला माईकसुद्धा काढणार आहेत.

आता नीट ऐक. तू कुरडया तळून आण. आधी तू म्हणशील की कूलरच्या पाण्याचं मला काही वाटत नाही. मग मी सगळ्यांसमोर एक कुरडई खाईन आणि वाहवा करीन. मग मिठी. पण मिठी जरा अवघडून मार, पहिल्यांदाच मारतो आहोत अशी. तू एकदम गळ्यात पडतेस आणि बर्फी कुठे आहे ते विचारतेस, तसं करू नकोस.

आणि फार मनापासून बोलू नकोस. लोकांना पटणार नाही.

तुला मी कुठे जाऊ देत नाही. सुमंत सभेला पुढच्या खुर्चीवर बसेल असं बघ.

सिंधू

*

२७ एप्रिल

श्रीमती सिंधूताई यांस,

सप्रेम नव्हे, नुसता नमस्कार.

आज सकाळी जे झालं ते आपणास माहीत आहेच, तरी मी लिहून ठेवते, म्हणजे पुढे आपणास विसर पडायला नको.

मी ठरल्याप्रमाणे उठले आणि म्हणाले, "सिंधूताई, तुमच्या कूलरचं पाणी मले गंगेवानी आहे." यावर सगळ्या पार्किंगने "ओहोहो" केलं. अंजनाबाई म्हणाल्या, "काय टोमणा मारला वं!" मी म्हणाले, टोमणा नाही, खरंच सांगते, ते पाणी पडलं की मला बरं वाटते. तर मागून टाळ्या पडल्या. सुमंत कपाळाला हात लावून बसला. मी जितकी गोड बोलत गेले तितका त्याचा चेहरा उतरत गेला.

इथवर माझी आपल्याविषयी काही तक्रार नव्हती.

मग आपण कुरडई तोंडात घातलीत. भैय्याजींनी माईक आपल्यासमोर धरला आणि विचारलं, "बोलो सिंधूताई, कैसी है?" मी पदर सारखा करून कौतुक ऐकायला उभी राहिले. आणि आपण, सिंधूताई, त्या माईकमध्ये म्हणालात, "मीठ भल्ली जास्त आहे. दरवर्षीच असते."

दरवर्षीच! हे आपणास कसं ठाऊक, असा प्रश्न एकालाही पडला नाही, कारण सगळे पोट धरून हसत होते. वॉचमनसुद्धा हसला.

गच्चीवर बोटं चाटून "अजून आहेत का?" विचारणाऱ्या सिंधूताई खऱ्या, की माईकवरच्या खऱ्या, हे मला आता कळेनासं झालं आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की लोकांसमोरचं आपलं खोटं आणि गच्चीवरचं खरं. आता वाटतं, मी गच्चीवरही नाटकच बघत होते.

मिठी राहूनच गेली हे एका अर्थी बरं झालं. सुमंत म्हणतो, आता तर जायचं पक्कं. आपणास आनंद होईल.

कोथिंबीर परत पाठवत आहे.

श्रीमती यमुना
पहिला मजला

*

२८ एप्रिल

श्रीमती यमूताई यांस,

नमस्कार. पत्र आणि कोथिंबीर मिळाली.

मीठ जास्त होतं ते होतंच. मी रुग्णालयात उभी हयात घालवली. माझ्या तोंडातून एखादी खरी गोष्ट निघाली म्हणून लगेच मला नाटकी ठरवू नये. आपणही मला भर सभेत गंगा म्हणालात, त्यावर मी काही बोलले का?

आपण चारचौघांत कायम सांगत आलात की माझ्या कूलरच्या पाण्याने आपणास त्रास होतो. तो त्रास मी दूर करते. उद्या मिस्त्री येऊन कूलरची टाकी बदलेल. यापुढे आपल्या पत्र्यावर एक थेंबही पडणार नाही.

थैली खाली सोडणंही बंद करत आहे. भाजी रोशनी बर्डीहून आणत जाईल.

बेसा रोडला आपणास उत्तम हवा मिळो.

श्रीमती सिंधू
दुसरा मजला

*

१३ मे

सिंधे,

खिरीची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तुझ्याच वाटीत ही चिठ्ठी ठेवून वर फडकं बांधते आहे. दुसरं काय ठेवावं सुचेना. कुरडई ठेवायची तर हिंमतच नाही.

एक गंमत सांगते. मला ती गंमत वाटत नाही, पण तुला वाटेल. गेले कित्येक दिवस आपण लिफ्टपाशी भेटतो आणि एकमेकींना "आपण आधी", "छे छे, आपण आधी" करतो, त्यात दोनदा लिफ्ट रिकामीच वर गेली. तू "बरं आहे ना?" विचारतेस, मी "आपल्या आशीर्वादाने" म्हणते. माझ्या मनात तुला जिन्यावरून ढकलायचं असतं, तुझ्याही मनात तेच असणार. पण स्कीममध्ये काय बोलतात ठाऊक आहे? समेट झाला! भैय्याजी येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्याकडे बोट दाखवून सांगतात, "देखो, मैंने किया." आपण खोटं भांडत होतो तेव्हा लोकांना वैर दिसलं, खरं भांडलो तर प्रेम दिसलं. ह्या लोकांना चष्म्याची गरज आहे, तुला नव्हती.

काल बुद्धपौर्णिमेला रोशनी पुढच्या दारात ट्रे घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना दिली तशीच एक वाटी मलाही दिली. सुमंतने दार उघडलं. तिथेच उभ्या उभ्या दोन चमचे खाल्ली आणि म्हणाला, "आई, आता कायले जायचं बेस्याले? सगळं गोडच झालं ना!" लगेच फोन करून फ्लॅटवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मुग्धा फुगली आहे. चहा मीच करते, बिनसाखरेचा.

म्हणजे मी जिंकले, सिंधे. जे हवं होतं ते मिळालं. मी कुठेही जात नाही. आणि मी ती वाटी घेऊन आत गेले आणि रडले. दरवर्षी तुझी खीर थैलीतून खाली यायची, फडकं बांधलेली, चारोळ्या जास्त घातलेली. काल पुढच्या दारातून आली, सगळ्यांना आली तशी. मी चमच्याने चारोळ्या शोधल्या. सुमंतला वाटलं आनंदाने रडते आहे.

आणि दुपारी झोप लागत नाही. पत्रा कोरडा ठणठणीत. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी आढ्याकडे बघत पडून राहते. सिंधे, तू पाणी काहून बंद केलं वं?

अजून एक सांगायचं आहे. रागारागाने मी काल स्वतः एक कुरडई तळून खाल्ली. मीठ जास्त नाही, नुसतं मीठच आहे. सुमंतला विचारलं, की तुम्ही कोणी आजवर बोलला कसे नाहीत? तर म्हणतो, "आम्हाले कुठे मिळतात आई? तू तर सगळ्या कोणाले तरी देऊन टाकतं."

तेव्हा त्या सगळ्या तूच खाल्ल्यास. दरवर्षी. इतकं खोटं कशासाठी बोललीस, तेवढं सांग. मग हवं तर पुन्हा बोलू नकोस.

यमू

*

१४ मे

यमे, बावळट,

तुझी चिठ्ठी मी दार बंद करून दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

अगं, त्या दिवशी मी गोड बोलायलाच उभी राहिले होते. वाक्यंही पाठ केली होती. पण समोर माणसं दिसली आणि बाजूला तू दिसलीस, की माझी जीभ सवयीने तुझ्यावर चालून जाते. भांडायला तर हाताशी काही नव्हतं. कूलरचं तू आधीच गंगा करून टाकलं होतंस. तोंडात कुरडई होती, मीठ तेवढं सापडलं.

आणि गच्चीवर खोटं का बोलले? तू डबा उघडून माझ्या तोंडाकडे अशी बघत बसतेस की खरं बोलायला दगडाचं काळीज लागेल. मला त्या कुरडया आवडत नाहीत, यमे. मला त्या देताना तू आवडतेस. कुरडई खाल्ली की त्या दिवशी मी घरी आळणी वरण जेवायची, म्हणजे मिठाचा हिशेब जुळावा. रोशनी सगळ्यांना सांगत सुटायची, "आई किती पथ्य पाळून राहिल्या!" डॉक्टरांनीही शाबासकी दिली. इतकी वर्षं मी आळणी जेवले ते तुझ्यासाठी, आणि तू मला नाटकी म्हणालीस.

खिरीत चारोळ्या मोजून घातल्या होत्या, ते खरं आहे. माझा हात सारखा डब्याकडे जात होता. मी तो आवरला. ही चूक माझी.

मेल्या मिस्त्रीने इतकी चांगली टाकी बसवली आहे की थेंब म्हणून गळत नाही. पकड सापडली की मी स्वतः तिचं बूच ढिलं करते. तू खाली कान दे आणि वेग कमी-जास्त वाटला तर कळव.

थैलीही पुन्हा सुरू. रोशनीने काल अचानक तिला नवी दोरी बांधून दिली. म्हणाली, "आई, भाजी मी बर्डीहूनच आणत जाईन. थैली मात्र सोडत जा खाली." आता भाजी तीच आणणार, तर थैली कशाला? आणि दुकानदाराने दोरी पण कमी दिली वाटतं. जेमतेम पहिल्या मजल्यापर्यंत पुरते, भाजीवाल्यापर्यंत पोचतच नाही. बदलून आणायला सांगू का?

बाकी गच्चीचे वांधे झालेत. आपला समेट झाल्यापासून अंजनाबाई म्हणतात, "आता तुमच्या दोघींसंग मीही बसत जाते वं." काल परात घेऊन आल्या. मी एकटीने पापड उलटले.

तुझी
सिंधू

*

१७ मे

प्रिय सिंधे,

दोरी बदलू नकोस. दुकानदाराने बरोबर दिली आहे. तू रुग्णालयात काय केलंस ते मला कळत नाही, पण सून मात्र तुझ्याहून हुशार आणलीस. डोक्यात उजेड पडेपर्यंत तिला काही विचारू नकोस, आणि पाय चेपून घेत राहा.

बेसा रोडचा फ्लॅट काल दुसऱ्या कोणी घेतला. मुग्धाने दोन घास कमी खाल्ले, मी दोन जास्त. आता तिथे जायचा प्रश्न मिटला, तेव्हा तो समेटही मिटवून टाकू. गोड बोलून बोलून माझं तोंड आंबलंय. गुरुवारी पाचला जिन्यात ये. विषय मीठ. मी म्हणेन, भर सभेत माझी अब्रू काढली. तू म्हणशील, समुद्र कमी पडला म्हणून कुरडया घातल्या का? हे ऐकून अंजनाबाई खाली पळाल्या पाहिजेत. चष्मा आधीच लावून ये. वर आल्यावर बर्फी माझ्याकडे. कुरडया मी मोलकरणीलाही दिल्या नाहीत, तिनेही बीपीच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

आता खरी गोष्ट. आज जेवणं झाली, मी खिडकीपाशी पडले होते. सुमंत पेपर वाचत होता. आणि पत्र्यावर टिप. मग बराच वेळ काही नाही. मग टिप, टिप, टिपटिप. मी तशीच पडून ऐकत राहिले. सुमंत पेपर टाकून उठला. "आई, पुन्हा गळून राहिलं! थांब, वर जाऊन सांगतो."

मी ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "खबरदार! मैत्रीण आहे ती माझी. गळू दे तिले."

पहिल्यांदाच मी हे मोठ्याने, घरात, माणसासमोर बोलले. मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. तर सुमंत हसत सुटला. "कसले टोमणे मारतं आई तू!" आत जाऊन मुग्धालाही सांगितलं.

मी कूस बदलली आणि झोपले. वेग बरोबर आहे, बुचाला आता हात लावू नकोस.

तुझीच
यमू